डाव्या पायाचा गुण

माझा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लहान आहे. चपलांच्या दुकानातला मुलगा दर वेळी दोन्ही पायांत घालून बघा म्हणतो. मी उजव्याच्या मापाची घेते आणि डाव्यात पुढे कापूस कोंबते. नातीला याची फार गंमत वाटते. तिला मी सांगते, हसू नकोस, या पायाचा लातुरात एके काळी मोठा दरारा होता. लोक आधी त्याच्या पाया पडायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. ती आणखीच हसते. हसू दे. तिला मी अर्धीच गोष्ट सांगितली आहे, आणि उरलेली अर्धी सांगायला तोंड उघडत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

जन्मले तेव्हाच हा पाय आत वळलेला होता. टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे वळलेला, बोटं मुरडलेली. मी चालायची ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर, आणि त्या कडेला बैलाच्या खांद्याला पडतो तसा घट्टा पडला होता. जन्म माझा नांदेडचा. दादांची, म्हणजे वडिलांची, बदली लातूरला झाली तेव्हा मी अशी फेंगडत का होईना पण घरभर फिरत होते. दादा तहसिलीत कारकून. निजामाचं राज्य, म्हणून दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी आले की कुठल्याच भाषेत फारसं बोलायचे नाहीत. घरात शब्द चालायचा तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, अंगावर लाल आलवण, आणि आवाज असा की आळीच्या टोकाला उभ्या असलेल्या भाजीवालीनं टोपली खाली ठेवावी. आजीआजोबा नव्हते. आईला माहेरही उरलं नव्हतं, म्हणून तिची बाळंतपणं सासरीच झाली, आत्याबाईंच्या हाताखाली.

लातूरचं आमचं बिऱ्हाड गंजगोलाईच्या बाजाराच्या मागं होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी. शेजारी तेल्याचा घाणा. त्याची करकर पहाटे सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची, आणि थांबली की कानांना काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. करडईच्या तेलाचा वास कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा. आमच्याकडे सकाळी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी, संध्याकाळी बहुधा अंबाडी. येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजायचा मान आत्याबाईंचा. त्या भाजायला बसल्या की आम्ही सगळे शिंकत बाहेर पळायचो आणि त्या मात्र धुरात डोळे मिटून बसायच्या.

नव्या गावात उतरलो त्याच दिवशी आत्याबाईंनी आळीला सांगून टाकलं, “आमची इंदू पायाळू हाय.” पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले ते मूल. अशा माणसानं पाय लावला की धरलेली पाठ सुटते, उसण उतरते, असं आमच्याकडे सगळेच मानायचे, आणि आजही मानणारे आहेत. माझा पाय तर वर वाकडा. आत्याबाई म्हणायच्या, देवानं खूण करून धाडलीय. मग काय, सकाळी उठावं तो ओसरीवर कोणीतरी कण्हत बसलेलं असायचंच. अनशापोटी यायचं, पालथं पडायचं, मी पाय ठेवायचा, आणि उठून न बोलता निघून जायचं, अशी रीत.

“बाई, लई धरलीय बगा कंबर. पोतं उचलाया गेलो अन् तिथंच बसलो.”

“पड पालथा. बोलू नगंस. इंदे, ये गं.”

मी आंघोळ करून, परकर खोचून ऐटीत यायची आणि मोठ्या माणसांच्या पाठीवर उभी राहायची. घामट, केसाळ, हाडकुळ्या, सगळ्या प्रकारच्या पाठी मी पाहिल्या आहेत. बहुतेकांना बरं वाटायचं. कोणी गूळ आणून ठेवायचं, कोणी ओल्या हरभऱ्याची पेंढी. बरोबरीच्या पोरी माझ्या चालण्याची नक्कल करायच्या, पण ओसरीवर मी उभी असले की लांबून बघायच्या. आभाळात गडगडलं की मात्र माझे हाल. पायाळूवर वीज पडते म्हणतात. आत्याबाई मला आतल्या खोलीत घोंगडीखाली कोंबायच्या, पितळेची भांडी पालथी घालायच्या आणि पाऊस थांबेपर्यंत माझ्यावर हात ठेवून बसायच्या. मी अजूनही विजा चमकल्या की पलंगाच्या आत सरकून बसते. पुढचं सगळं कळून इतकी वर्षं झाली, तरी अंगाला ते अजून पटलेलं नाही.

आईला या पाठींचं कौतुक नव्हतं. ती बारीक, अबोल, आणि तिची एक खोड होती. काम करता करता ती थांबायची. पीठ मळता मळता हात परातीत तसेच, मान एका बाजूला. “कोण रडून राहिलं?” असं विचारायची. कोणी रडत नसायचं. दादा म्हणायचे, मांजर असेल. आत्याबाई काही म्हणायच्या नाहीत, उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. मी कान देऊन ऐकायची, मला घाणाच ऐकू यायचा. कधी कधी मात्र आईकडे बघता बघता मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं व्हायचं, आणि मग मी तिच्या पदराला घट्ट धरून बसायची.

सरकारी दवाखान्यात हैदराबादेहून शिकून आलेले एक वयस्क डॉक्टर होते. मला खोकला झाला म्हणून आई घेऊन गेली, आणि त्यांनी छाती तपासायच्या आधी पायच हातात घेतला. इकडून तिकडून दाबला, टाच धरून खाली ओढून पाहिली. मी किंचाळले. ते म्हणाले, “देर तो हुई, अम्मा. मगर हड्डी अब्बी नरम है. रोज हात सूं सीधा करना, पट्टी बांधना. दिन-रात बांधके रखना. खोलना नक्को.” आईनं डोक्यावरचा पदर नीट करत एवढंच विचारलं, “पळता येईल का हिला?” डॉक्टर हसले. आई हसली नाही. रझाकारांचे ते दिवसच तसे होते. गावात रोज काहीतरी कानावर यायचं, ओळखीची घरं कुलपं लावून सोलापूरकडे निघून जायची, आणि दादा जेवताना म्हणायचे की वेळ आली तर उठून चालू लागता आलं पाहिजे. मला उचलून कोण किती चालणार, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळे माझ्या पायाकडे बघत होते.

त्या दिवसापासून आईनं माझा पाय ताब्यात घेतला. सकाळ-संध्याकाळ ती मला पाटावर बसवायची, हाताला कोमट तेल लावायची. डाव्या हाताच्या तळव्यात टाच धरायची, घोट्याच्या पुढे जो उंचवटा आला होता त्यावर अंगठा रोवायचा, आणि उजव्या हातानं पुढचा पंजा हळूहळू बाहेर वळवायचा. मग टाच खाली. मग पुन्हा पंजा. वळवून सोडायचं नाही, धरून ठेवायचं, तोंडातलं स्तोत्र संपेपर्यंत. ती स्तोत्र फार सावकाश म्हणायची, याचा मला राग यायचा. नंतर सुताराकडून करून आणलेली फळी तळव्याला लावून जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायची. फळी काढली असेल तेवढ्या वेळात पायाच्या बोटांनी चिंचोके उचलून वाटीत टाकायचे, भिंतीला टेकून टाच न उचलता उकिडवं बसायचं. सुरुवातीला मी घर डोक्यावर घ्यायची. आई दात आवळून म्हणायची, “ह्या खेपेला न्हाई. ह्या खेपेला न्हाई व्हऊ द्यायची मी.” आधीची खेप कुठली, हे विचारायचं मला सुचलं नाही. दुखण्यात कुणाला काय सुचतं?

सकाळचे आजारी बंद करायचे, असं आईनं आत्याबाईंना सांगितलं होतं म्हणे. आत्याबाई “बरं” म्हणाल्या होत्या. मला मात्र हे कोणीच सांगितलं नव्हतं. आई घागरी घेऊन आडावर गेली की आत्याबाई मला मागच्या दाराशी घेऊन बसायच्या. पट्टी सोडायच्या, फळी काढायच्या. बाहेर कोणी तरी वाकून उभं असायचंच. बांधलेल्या पायाला गुण नसतो, उघडाच पाय लागतो, असं त्या मला म्हणाल्या. पाठीवर पाय ठेवून झाला तरी त्या पट्टी लगेच बांधायच्या नाहीत. “जरा फिर गं पोरी. मोकळा होऊ दे पाय,” म्हणायच्या आणि मी न्हाणीपर्यंत जाऊन यायची, जुन्या सवयीनं त्याच बाहेरच्या कडेवर. उन्हाळा होता, आडावर रांग लागायची. आई येईपर्यंत पुष्कळ फिरणं व्हायचं. मग त्या पुन्हा सगळं जागच्या जागी बांधून टाकायच्या. मला हे आईला ठाऊकच असणार, असं वाटत होतं. घरातल्या मोठ्या बायका एकमेकींना न सांगता काही करतात, हे मला कुठून माहीत असणार?

पाय काही सरळ होईना. म्हणजे संध्याकाळपर्यंत आईच्या हाताखाली जरा वळल्यासारखा वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा. डॉक्टरांनी पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. “पाँव वापस जारा, अम्मा. पट्टी कौन खोल रा?” आईनं देवाची शपथ घेतली की कोणी खोलत नाही. घरी येऊन तिनं माझी पट्टी नीट न्याहाळली. ती स्वतः गाठ नेहमी बाहेरच्या अंगाला मारायची. गाठ आतल्या अंगाला होती. आत्याबाई माझ्या दुसऱ्या बाजूला बसून बांधायच्या, म्हणून गाठ तशी पडायची, एवढंच. पण आईच्या मनात आत्याबाई आल्याच नाहीत. त्या तर तिच्या डोळ्यांसमोर “बरं” म्हणाल्या होत्या. आईला वाटलं, ज्याचं सगळं उलटं असतं, गाठसुद्धा उलटी पडते, असं कोणीतरी घरात आहे.

तिथून घर बदललं. आतल्या खोलीच्या एका कोपऱ्यात आई दुपारी दहीभाताची ताटली ठेवायला लागली. कधी माझं आखूड झालेलं झबलं घडी करून ठेवायची. दुपारी आत्याबाई स्वयंपाकघरात आणि दादा कचेरीत असले की त्या कोपऱ्यासमोर बसून ती हळू आवाजात बोलायची. मी दारातून बघायची. कोपऱ्यात काहीच नसायचं. पण आई मध्येच थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायची, आणि मला त्या कोपऱ्याची भीती बसली. खोलीत जायचं झालं तर मी भिंतीला पाठ लावून, कोपऱ्याकडे बघत जायची. माझ्याएवढीच कोणीतरी तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे, आणि माझी आई तिला माझ्याहून जास्त गोड बोलते आहे, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला तिचा हेवाच वाटायचा.

एका दुपारी आत्याबाई येसर भाजत होत्या. धूर घरभर. मी उंबऱ्याशी बसून चिंचोके उचलत होते आणि आई कोपऱ्याशी बोलत होती. त्या दिवशी शब्द कळले.

“बाई गं, तुझी काही चूक न्हाई. तुला मांडीवर घ्यायचं राहिलं माझं. पण हिच्यावर राग काढू नकोस. हिला चालू दे.”

“आई, कोणाशी बोलून राहिलीस?” मी विचारलं.

ती दचकली नाही. “तुझ्या ताईशी.”

“तिला काय सांगतीस?”

“तुझी पट्टी सोडू नको म्हणून.”

“पट्टी तर आत्याबाई सोडतात,” मी म्हणाले.

मी चिंचोका उचलून वाटीत टाकला. आई उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

“वन्सं, इंदूची पट्टी तुम्ही सोडता?”

आत्याबाईंना खोटं बोलता आलं असतं. पाच वर्षांच्या पोरीच्या शब्दाला कोण धरून बसतं? त्यांनी कढईतलं उलथनं चालूच ठेवलं. “सोडते.”

“का?”

“पाय सरळ झाला तर हिच्यापाशी काय ऱ्हाईल?”

“पाय ऱ्हाईल, वन्सं! चालायला पाय ऱ्हाईल!” आईचा इतका मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही कधी ऐकला नाही.

आत्याबाईंनी कढई उतरवली. तोवर मसाला करपला होता. त्या म्हणाल्या, “तुला ठाऊक न्हाई, यमुने. ह्या पायानं जगली ही. ही पायाळू न्हाई. चांगली डोक्यानं आली. तू शुद्धीत नव्हतीस. सुईणीनं पाय बघितला अन् माझ्याकडं बघितलं. पहिल्या खेपेला बघितलं व्हतं, तसंच.”

“पहिल्या खेपेला?”

“तिचे दोन्ही पाय वळलेले व्हते. पार मागं. सुईण म्हणली, हडळीचे पाय हायत, घर खाईल. माझ्याकडं बघाया लागली. मी भिंतीकडं तोंड केलं.” आत्याबाई आलवणाच्या पदरानं हात पुसत होत्या, पुसतच होत्या. “हिच्या वेळेला मी दार उघडून आळीत गेले अन् ओरडले, पायाळू झाली, आमच्याकडं पायाळू झाली! सगळ्यांनी ऐकलं. बायका बघायला आल्या. मग सुईण काय करणार? तवापास्नं मला एकच भ्या. हा पाय साधा झाला की हिची राखण गेली.”

मला यातलं निम्मं कळलं, आणि जे कळलं त्यात माझा पाय खोटा ठरला एवढंच मोठं होतं. मी रडायला लागले, पण दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही. आई रडली नाही. तिनं ना सुईणीचं विचारलं, ना माझ्या पायाचं. ती म्हणाली, “मेलेलीच जन्मली, असं सांगितलं तुम्ही मला. मी रडणं ऐकलं व्हतं. तुम्ही म्हणलात, मांजर व्हतं. वन्सं, रडली व्हती का ती?”

शेजारी घाणा करकरत होता.

“रडली व्हती,” आत्याबाई म्हणाल्या.

आई तिथेच उंबऱ्यावर बसली. “म्हणजे मी येडी न्हाई,” म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की काय होतं, हे मला अजून सांगता येत नाही. इतकी वर्षं ते रडणं तिच्या कानात होतं, आणि घरातलं प्रत्येक माणूस तिला ते नव्हतंच म्हणून सांगत होतं. मी आई झाले तेव्हा मला याचा अर्थ कळला, आणि त्या रात्री मी माझ्या मुलाला खाली ठेवलंच नाही.

थोड्या वेळानं आई म्हणाली, “नाव ठेवा तिचं.”

“काय म्हणतीस?”

“आत्यानं नाव ठेवायचं असतं. मान तुमचा हाय. इंदूचं ठेवलंत, तिचं ऱ्हाईलं. ठेवा.”

आत्याबाईंचे ओठ हलले, पण सगळ्या आळीत ऐकू जाणारा तो आवाज काही फुटेना. दोनदा त्यांनी भिंतीकडे मान वळवली, आणि दोन्ही वेळा आई म्हणाली, “इकडं बघा, वन्सं.” शेवटी त्या गुडघ्यांवर सरकत आईजवळ आल्या. बारशाला बाळाच्या कानाशी वाकतात तशा आईच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. आईनं डोळे मिटून मान हलवली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की तेल्यानं घाणा थांबवून आवाज दिला, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी एक म्हातारा कंबर धरून आला. आत्याबाई म्हणाल्या, “पायाचा गुण गेला बाबा आमच्या पोरीच्या.” तो बिचारा म्हणाला, आलोच आहे तर जरा पडतो, आणि तिथेच पालथा पडून राहिला. उठून बरं वाटलं म्हणून सांगून गेला. त्यानंतर हळूहळू लोक यायचे थांबले. माझी ऐट गेली, आणि मी बरेच दिवस फुगून बसले. आत्याबाई आता संध्याकाळी स्वतः माझा पाय मांडीवर घ्यायच्या. त्यांचा अंगठा आईपेक्षा जड होता आणि त्यांना स्तोत्रं लांबलचक यायची. पाय वळत गेला. पूर्ण नाही, पण टाच जमिनीला लागली, तळवा खाली बघायला लागला. पुढे खरंच निघायची वेळ आली, तेव्हा स्टेशनपर्यंत मी चालत गेले. आई माझ्या एका हाताला, आत्याबाई दुसऱ्या. मध्ये मी धावले असं आई सांगायची. मला ते आठवत नाही.

कोपऱ्यातली ताटली आईनं त्या दुपारीच उचलली होती. नंतर ती कधी काम करता करता थांबली नाही. पण ते नाव तिनं मला सांगितलं नाही. आत्याबाईंनाही मी लाडीगोडी लावून विचारलं, रागावून विचारलं, त्या उठून निघून जायच्या. आत्याबाई गेल्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “ते आमच्या दोघींचं हाय, इंदे. तुझं तुला हाय की.” मला राग आला, अजूनही येतो. बहीण माझीही होती. तिच्याच वाट्याचं जगणं मी एका ओरडण्यापायी जगले आहे, आणि तिला म्हणायला माझ्यापाशी एक शब्द नाही.

मागे एका लग्नाला नांदेडला गेले होते. सकाळी कोणाला न सांगता गोदावरीवर गेले. तिला इथेच कुठेतरी पुरलं असणार, हा माझा अंदाज, कारण जागा विचारायचं आमच्यापैकी कोणालाच कधी धैर्य झालं नाही. घाट नवा बांधलेला, पोरं सूर मारत होती. मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय पाण्यात टेकवून उभी राहिले. एकदा तरी तिला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. मारायची काय म्हणून?